९२ गुणांचा गेम आणि चौघांचा एक पीसी

जुळे सोलापुरातलं घर. दोन सख्खे भाऊ, एक चुलतभाऊ, एक मामेभाऊ. थोरला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, मधला इंजिनीअरिंगला, तिसरा बारावीला, धाकटा आठवीत. चौघांत एकच पीसी. २०२४च्या दिवाळीत मिळालेले पैसे एकत्र करून त्यांनी ठरवलं, की स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या नोव्हेंबरअखेरच्या सेलमध्ये एकच गेम घ्यायचा. मोकळ्या नकाशाचा म्हणजे हवं तिथे फिरता येणारा, आर्केड धाटणीचा म्हणजे वास्तवापेक्षा मजेकडे झुकणारा, गाड्यांच्या शर्यतीचा. गेम कुठला घ्यायचा याची चर्चा दहा दिवस चालली. घेतल्यावर पहिल्याच रात्री तो परत करायची वेळ आली. त्यानंतर पाच महिन्यांत चौघांची चार वेगळी मतं झाली.

हे प्रकरण नीट बघण्यासारखं आहे, कारण गेम चांगला का वाईट हा वाद इथे नव्हताच. समीक्षकांनी लिहिलेलं खरं होतं आणि खेळाडूंच्या तक्रारीही खऱ्या होत्या. फक्त कुठलं मत कोणाच्या कामाचं, हे घरात कोणालाच आधी कळलं नव्हतं.

पर्याय कोणते होते

यादीत पाच नावं होती. ‘फोर्झा होरायझन ५’ नोव्हेंबर २०२१चा, ब्रिटनच्या प्लेग्राउंड गेम्सचा, मेक्सिकोत घडणारा. समीक्षकांचे गुण गोळा करणाऱ्या मेटाक्रिटिक संकेतस्थळावर त्याला शंभरपैकी ९२ गुण, आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाकडून दहापैकी दहा, आणि २०२१च्या द गेम अवॉर्ड्समध्ये तीन पुरस्कार: सर्वोत्तम क्रीडा-शर्यत गेम, ध्वनिरचना आणि अपंग खेळाडूंसाठीच्या सोयी. ‘नीड फॉर स्पीड अनबाउंड’ डिसेंबर २०२२चा. त्याला समीक्षकांचे गुण सत्तरीत, आणि चाकांच्या धुरावर, गाडीच्या पाठीवर कार्टूनसारखी चित्रं उमटतात यावरून खेळाडूंत दोन तट. ‘द क्रू मोटरफेस्ट’ सप्टेंबर २०२३चा, हवाईतल्या ओआहू बेटावरचा. ‘टेस्ट ड्राइव्ह अनलिमिटेड सोलर क्राउन’ सप्टेंबर २०२४चा, हाँगकाँगमधला. आणि स्वस्तात मिळणारा ‘फोर्झा होरायझन ४’, जो १५ डिसेंबर २०२४ला विक्रीतून कायमचा जाणार हे कंपनीने आधीच जाहीर केलं होतं.

दोन नावं थोरल्याने पहिल्याच दिवशी कापली. मोटरफेस्ट आणि सोलर क्राउन तेव्हा सतत इंटरनेट असेल तरच चालायचे. घरात उन्हाळ्यात वीज जाते, वीज गेली की राउटरही जातो. शिवाय जुन्या ‘द क्रू’चं उदाहरण समोर होतं. २०१४चा तो गेम. ३१ मार्च २०२४ला त्याचे सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो खेळता येईना. सोलर क्राउनचं तर बाजारात येतानाच सर्व्हरमुळे खेळाडूंनी नाव खराब केलं होतं. थोरल्याचा हा निर्णय बरोबर होता. गुणांचा आकडा बघण्याआधी ‘नेट नसेल तर काय चालतं’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

होरायझन ४ मधल्याला हवा होता. जुन्या ग्राफिक्स कार्डावर तो मजेत चालतो आणि विक्री थांबली तरी घेतलेला गेम खात्यात राहतो, डाउनलोडही होतो. पण त्यात दर आठवड्याला येणाऱ्या नव्या शर्यती २०२४च्या ऑगस्टमध्येच थांबल्या होत्या. धाकट्याला नवं हवं होतं. राहिले दोन: होरायझन ५ आणि अनबाउंड.

मतं वाचताना काय चुकलं

तिसऱ्याचा कल अनबाउंडकडे. त्यात कमाई तोलून मापून मिळते, शर्यत पुन्हा सुरू करायच्या संधी मोजक्याच, आणि रात्री पोलिसांनी धरलं तर हातचे पैसे जातात. होरायझनवर नाराज असलेल्या खेळाडूंनी स्टीमवर जे लिहिलं होतं ते त्याने मोठ्याने वाचून दाखवलं: गाड्या पावसासारख्या पडतात, कशाचीच किंमत राहत नाही, पात्रांचे संवाद गोडगोड. धाकटा म्हणाला, “अण्णा, गाडी आपोआपच मिळते की! मग बरंय की!” त्यावर तिसरा: “फुकट मिळालेल्या गाडीला कोण जपतं बे?”

शर्यतीच्या गेममधलं हे जुनं भांडण आहे. २००५च्या ‘नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड’मध्ये पंधरा जणांची काळी यादी होती. एकेकाला हरवत वर चढायचं आणि शेवटी आपलीच हिसकावलेली बीएमडब्ल्यू परत मिळवायची. २०१२ साली त्याच नावाचा गेम क्रायटेरियन या स्टुडिओने केला. त्यात बहुतेक गाड्या शहरात जागोजागी उभ्या, जवळ जा आणि घेऊन निघ. समीक्षकांना तो मोकळेपणा आवडला, गुणही चांगले दिले. २००५चा गेम रात्र रात्र खेळलेल्यांना मात्र आपली शिडीच कोणी काढून घेतली असं वाटलं. गाडी मिळवण्यासाठी किती झिजायचं, यावर दोन माणसांचं एकमत होणं कठीण. त्यामुळे ‘फार उदार आहे’ हे वाक्य गेमचा दोष सांगत नाही. लिहिणाऱ्याला काय हवं होतं तेवढं ते सांगतं.

तिसऱ्याने वाचलेल्या तक्रारींखाली प्रत्येकाचे खेळलेले तास लिहिलेले होते. ते कोणी बघितलेच नाहीत. स्टीमवर प्रत्येक मतासोबत दोन आकडे असतात: मत लिहिताना किती तास झाले होते आणि आजवर एकूण किती झाले. ६० तासांनंतर ‘आता मिळवायला काही उरलं नाही’ म्हणणारा आणि दीड तासात ‘उघडतच नाही’ म्हणणारा, दोघांचा अंगठा खालीच, म्हणजे ‘शिफारस नाही’ असाच असतो. स्टीमची टक्केवारी दोघांना सारखंच मोजते. ८० टक्क्यांच्या वर ‘व्हेरी पॉझिटिव्ह’, ७० ते ७९ ‘मोस्टली पॉझिटिव्ह’, ४० ते ६९ ‘मिक्स्ड’, अशी ती उतरंड आहे. टक्केवारीतून किती जणांनी शिफारस केली ते समजतं. गेम कितपत आवडला ते त्यात नसतं. मेटाक्रिटिकचे ९२ म्हणजे समीक्षकांच्या गुणांची सरासरी, आणि तीही बहुतेक गेम विक्रीला येण्याआधी खेळून दिलेल्या गुणांची. तेव्हा सर्व्हरवर गर्दी नसते, आठवडी शर्यती सुरू झालेल्या नसतात, आणि समीक्षकाचा पीसी किंवा एक्सबॉक्स नवाकोरा असतो. होरायझन ५ आल्या आल्या मित्रांसोबत खेळताना जोडणी तुटायची. स्टुडिओने हे मान्य केलं आणि दुरुस्त्याही पाठवल्या. त्या ९२मध्ये हा त्रास फारसा दिसत नाही.

शेवटी मतदान झालं, तीन विरुद्ध एक. होरायझन ५ घेतला.

पहिली रात्र

पीसी असा: आय५-८४००, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड चार जीबीचं, २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) आणि १ टीबीची हार्ड डिस्क. गेमला किमान जीटीएक्स ९७० किंवा आरएक्स ४७० लागतं, म्हणजे कार्ड उंबरठ्यावरचं. जागा लागते ११० जीबी. एसएसडीवर विंडोज आणि मधल्याची कॉलेजची सॉफ्टवेअर, मोकळे फक्त ७० जीबी. म्हणून गेम हार्ड डिस्कवर टाकला. खरी चूक इथे झाली.

पहिल्यांदा चालू केल्यावर गेम शेडर (चित्र रंगवण्यासाठी ग्राफिक्स कार्डाला लागणाऱ्या सूचना) तयार करत बसतो. सुरुवात बघण्यासारखी आहे. विमानातून गाडी खाली सुटते, ज्वालामुखीच्या उतारावर ब्राँको, मग कॉर्व्हेट, मग जंगलात जुनी पोर्शे, शेवटी मर्सिडीज-एएमजी वन. चौघेही पडद्याला चिकटले होते. त्यानंतर मोकळा नकाशा आला आणि गाडी अडखळायला लागली. ताशी २००च्या पुढे गेलं की चित्र अर्धा सेकंद थांबायचं. रस्त्याकडेची घरं आधी चिखलाच्या गोळ्यासारखी दिसायची, मग हळूहळू खिडक्या उमटायच्या. डाव्या कोपऱ्यात सूचना: ‘लो स्ट्रीमिंग बँडविड्थ’.

थोरल्याने ‘बँडविड्थ’ वाचलं आणि थेट नेटवाल्याला फोन लावला. नेटवाल्याने स्पीड तपासला, तो नीट होता. राउटर बंद-चालू करण्यात अर्धा तास गेला, आणि तेवढा वेळ गेम मागे चालूच राहिला. हा तपशील महत्त्वाचा आहे. स्टीम पैसे परत देतं ते खरेदीला १४ दिवस व्हायच्या आत आणि खेळ दोन तासांच्या आत असेल तरच. गेम नुसता उघडा असला तरी तास मोजले जातात. शेडर, सुरुवातीची शर्यत, राउटरची खटपट हे सगळं धरून घड्याळ १ तास ४० मिनिटांवर आलं होतं. तिसरा म्हणत होता, परत करा, अनबाउंड घ्या.

त्या सूचनेचा इंटरनेटशी काहीही संबंध नाही. गेम नकाशाचे तुकडे डिस्कवरून वाचत पुढे सरकतो. गाडी जितकी वेगात तितके तुकडे भराभर लागतात. फिरती हार्ड डिस्क तेवढ्या वेगाने देऊ शकत नाही, आणि ती कमी पडली की ही सूचना येते. स्टीमवर ‘अडखळतो’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचं दुखणं हेच असतं. समीक्षकांना ते भेटत नाही, कारण त्यांच्याकडे एसएसडी असते.

मधल्याने गेम बंद केला, आणि हीच त्या रात्रीची सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. दुसऱ्या दिवशी नवी पेठेतून ५०० जीबीची साटा जोडणीची एसएसडी आणि साटाची केबल आणली. मदरबोर्डावर जागा मोकळी होती, पॉवर सप्लायला वायर होती. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती तयार केली. स्टीमच्या सेटिंग्जमधल्या ‘स्टोरेज’मध्ये नवा ड्राइव्ह जोडला, गेमवर खूण करून ‘मूव्ह’ दिलं. अर्ध्या तासात ११० जीबी सरकले. पुन्हा डाउनलोड करावं लागत नाही. बरेच जण उगाच करतात.

अडखळणं जवळजवळ गेलं. उरलं ते कार्डाच्या चार जीबीचं दुखणं. रिझोल्यूशन १०८०पी ठेवून चित्राच्या दर्जाचा तयार संच (प्रीसेट) ‘मीडियम’, त्यात परिसराचं टेक्श्चर (पृष्ठभागांवरचे बारकावे) मीडियमच्या वर न नेणं, सावल्या आणि प्रतिबिंबं एक पायरी खाली, आणि खेळताना ब्राउझर पूर्ण बंद. क्रोमचे दहा टॅब उघडे असले की कार्डाची मेमरी तेही खातात. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची (चित्रांची) मर्यादा ६०वर बांधली. मोकळी सोडली तर कार्ड विनाकारण पूर्ण ताकदीने धावतं, आणि सोलापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला की खोलीतल्या पीसीच्या डब्याला थंड हवा मिळणारच नाही. बदल केल्यावर गेमच्या आतलाच बेंचमार्क (वेग मोजणारी चाचणी) चालवायचा. नुसतं गल्लीत फिरून अंदाज चुकतो, कारण वाळवंट हलकं असतं आणि ग्वानाहुआतो शहराच्या बोळांत कार्डाचा घाम निघतो.

वीज जाण्यावर ६०० व्हीएचा यूपीएस. हा पीसी खेळताना दोनशे वॉटच्या आसपास घेतो. गेम नीट बंद करायला मिळतात तेवढी मिनिटं पुरतात. जतन केलेली माहिती ऑनलाइन जुळवली जात असताना पीसी पटकन बंद पडणं वाईट. पन्नास तासांची मेहनत त्यावर टांगलेली असते.

मग पाच महिने

चौघांनी एकच खाते वापरायचं ठरवलं. पुढची बहुतेक भांडणं यातून आली, आणि याबद्दल ना समीक्षकांनी लिहिलं होतं ना खेळाडूंनी, कारण दोघेही आपापल्या खात्यावर एकटे खेळतात.

धाकटा शाळेतून आला की कठीणपणा सगळ्यात खालच्या ‘टुरिस्ट’वर नेऊन शर्यत जिंकायचा. नशिबाचं चाक फिरवायचा, मिळेल ती गाडी घ्यायचा. सगळी क्रेडिट्स (गेममधले पैसे) गेममधल्या एका घरावर उधळली तीही त्यानेच. रात्री थोरला बसला की शर्यत सुरू होताच तीनशे मीटर पुढे. प्रतिस्पर्धी मागे कुठेतरी. त्याला वाटायचं गेमच मचूळ आहे. मधल्याने एकदा ‘अनबीटेबल’ लावून ठेवलं, तर धाकटा रडकुंडीला आला. त्या पातळीवर पहिली गाडी रुळावर असल्यासारखी वळणं घेते आणि सरळ रस्त्यावर निघून जाते. खेळाडूंची ही जुनी तक्रार आहे आणि ती रास्त आहे. ‘हायली स्किल्ड’ ते ‘एक्सपर्ट’ या पट्ट्यात लढत खरी वाटते. त्याच्या वर गेलात की गाडीचं ट्यूनिंग (इंजिन, चाकं, गिअर यांची जुळवणी) अचूक लागतं, नुसता हात चांगला असून भागत नाही.

हातावरून आठवलं. तिसरा आणि धाकटा कीबोर्डवर खेळायचे. बाणाचं बटण म्हणजे चाक पूर्ण वळलेलं नाहीतर सरळ. मधलं गेम अंदाजाने भरतो. समीक्षकांनी गाडीच्या वागण्याची जी तारीफ केली ती हातात धरायच्या कंट्रोलरच्या काडीवर आणि ट्रिगरवर केलेली. कीबोर्डवर ‘सिम्युलेशन’ स्टीअरिंग लावलं तर गाडी गरगरा फिरते. ‘नॉर्मल’ ठेवायचं, ट्रॅक्शन (चाक जागीच फिरू न देणारी मदत) आणि एबीएस (ब्रेक लावल्यावर चाक अडकू न देणारी मदत) चालू ठेवायचे. जानेवारीत थोरल्याने कंट्रोलर आणला. दोन दिवस तिसऱ्याचा हात बसेना, तिसऱ्या दिवशी तो स्वतःहून म्हणाला की मागच्या चाकांवर चालणारी गाडी आता कळते कुठे सुटतेय ती. मदती एकेक बंद केल्या की प्रत्येकीमागे क्रेडिट्सची टक्केवारी वाढते. आधी स्टॅबिलिटी (गाडी गरगरू न देणारी मदत) बंद करावी, मग ट्रॅक्शन, शेवटी हवं तर एबीएस. ब्रेकिंगची रेषा मात्र धाकट्याने ठेवावी.

दुसरी मोठी गोष्ट आठवडी यादीची. भारतात गुरुवारी रात्री ८ वाजता गेममधला ऋतू बदलतो आणि नवी आव्हानं येतात. २० गुणांना एक गाडी, ४०ला दुसरी. त्या आठवड्यात नाही मिळवली तर पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. मग गेममधल्या लिलावात चढ्या भावाने. समीक्षा लिहिल्या गेल्या तेव्हा हे चक्र सुरूच झालेलं नव्हतं. दीर्घकाळ खेळणाऱ्यांची सगळ्यात खरी तक्रार हीच, की खेळ कामासारखा होतो. मधल्याची सेमिस्टर परीक्षा चालू असताना त्याने बुधवारी रात्री दीड वाजता उरलेले सहा गुण गोळा केले. आमच्या मते ४०च्या मागे धावूच नये. २०पर्यंतची आव्हानं बहुधा सोपी असतात आणि तासाभराच्या आसपास उरकतात.

तिसरा फेब्रुवारीत थांबला. त्याचं म्हणणं नोव्हेंबरमध्ये होतं तेच: गॅरेजमध्ये पावणेदोनशे गाड्या, त्यातली एकही आपली नाही. सामायिक खात्यात हे दुप्पट खरं ठरतं, कारण निम्म्या गाड्या तर दुसऱ्या कोणीतरी मिळवलेल्या. गेमची उदारता एकट्या माणसाला तीस-चाळीस तासांनी टोचते. चौघांत ती दहा-बारा तासांतच टोचायला लागली.

यावर थोरल्याने जो उपाय काढला तो चांगला आहे. ‘राइव्हल्स’ नावाच्या प्रकारात एकट्याने वेळेविरुद्ध लॅप (ट्रॅकची एक फेरी) मारायची असते. ट्रॅक ठरवला होरायझन मेक्सिको सर्किट. गाडी एकच, १९९४ची मझदा एमएक्स-५, गेममधल्या ताकदीच्या गुणांनुसार बी वर्गात बरोबर ७००पर्यंत नेलेली. ट्यूनिंग एकदा जतन करून हात लावायचा नाही. कंट्रोलर तोच, मदती तिघांच्या बंद, फक्त धाकट्याच्या चालू. इथे गॅरेजमध्ये काय आहे, कोणी काय उधळलं, कठीणपणा कोणी बदलला, यातलं काहीच आड येत नाही. भिंतीला धडकलात किंवा वेळ मागे फिरवलीत तर लॅपवर खूण पडते आणि ती ‘मळकी’ धरली जाते. मळकी लॅप लिहायची नाही. खाते एकच असल्याने गेम फक्त सगळ्यांतली सर्वोत्तम वेळ ठेवतो, म्हणून बाकीच्यांच्या वेळा महालक्ष्मी कॅलेंडरच्या मागे पेनने. नेट नसेल तर राइव्हल्स चालत नाही, हा एक तोटा आहेच.

तिसरा परत बसला. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, त्याच एका ट्रॅकवर. पहिल्या महिन्यात तो थोरल्याच्या मागे होता. शेवटच्या डावीकडच्या वळणाआधी थोडा लवकर ब्रेक मारला आणि बाहेर पडताना गॅस हळू दिला की एमएक्स-५ची शेपूट सुटत नाही, हे त्याने शोधून काढलं, आणि वेळ दशांश-दशांशाने खाली आली. मार्चअखेर कॅलेंडरवर त्याचं नाव वर होतं. बाकीच्या गेमला त्याने अजून हात लावलेला नाही.

एप्रिल २०२५मध्ये होरायझन ५ प्लेस्टेशन ५वर आला, तेव्हा नव्या खेळाडूंची मतं पुन्हा ओसंडून वाहिली. धाकट्याने त्यातली काही तिसऱ्याला वाचून दाखवली. तिसऱ्याने आधी एकच विचारलं: “किती तास खेळलाय बे तो?” उन्हाळी सेलसाठी तिघांचे पैसे जमलेत, अनबाउंडच्या नावाने. या वेळी गेम पहिल्यापासून एसएसडीवर जाणार आहे. एकच गोष्ट अडली आहे: जतन केलेला प्रवास चौघांचा एक असणार की तिसऱ्याचा एकट्याचा. तिसरा म्हणतो एकट्याचा. धाकट्याने अजून होकार दिलेला नाही.